सही जुळत नाही

दहावीचा निकाल लागला, की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर पाच मुली हवेत उडालेल्या असतात. पाचच का, चार किंवा सहा का नाहीत, हे मला आजवर कळलेलं नाही. हात वर, वेण्या वर, तोंडं उघडी आणि पाय जमिनीपासून एक-दीड फूट उंच. वर मथळा : ‘यंदाही मुलींचीच बाजी’. खाली पोटमथळा : ‘कोकण विभाग पुन्हा अव्वल’. (कोकणाचं वेगळं विभागीय मंडळ झाल्यापासून ते जे वर चढून बसलंय, ते खाली उतरायला तयार नाही.) आमच्या बँकेत कर्जाच्या छापील अर्जात नाव आणि रक्कम तेवढी रिकामी सोडलेली असते. ह्या बातमीतही साल आणि टक्केवारी तेवढी रिकामी सोडून बाकीचा मजकूर कायमचा जुळवून ठेवलेला असावा, असा माझा संशय आहे.

आता निकाल पाहून कुठलीही मुलगी आपण होऊन उडी मारत नाही. ती आधी आईला फोन करते, मग मैत्रिणीचे मार्क विचारते, आणि मैत्रिणीला दोन टक्के जास्त पडले असतील तर थोडा वेळ गप्प बसते. उडी छायाचित्रकार मारायला लावतो. ‘मॅडम, तुम्ही जरा बाजूला व्हा. हं, मुलींनो, तीन म्हटलं की!’ निकाल केव्हाच मोबाईलवर लागायला लागला, पण उडी अजून शाळेच्या पटांगणातच मारावी लागते.

त्या उडीबद्दल माझी तक्रार नाही. पोरींनी वर्षभर घासलेलं असतं, उडोत बापड्या. तक्रार आहे ती उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची. त्या दिवसांत हीच मुलं पाचव्या-सातव्या पानावर येतात, आणि तिथे त्यांना तोंडच नसतं. डोक्यावरून टोपी ओढलेली एक काळी आकृती, चेहऱ्यावर मोबाईलचा निळा उजेड आणि मथळा : ‘कुठे चालली आहे तरुणाई?’ ती बहुधा क्लासला चाललेली असते. पण तिला कुणी विचारत नाही. विचारतात ते तज्ज्ञांना.

म्हणजे वर्तमानपत्राच्या हिशेबाने ह्या वयाची मुलं दोनच ठिकाणी सापडतात : हवेत, नाहीतर खड्ड्यात. जमिनीवरून चालत घरी येणारं, एकसष्ट टक्के मिळवून वरणभात खाणारं कार्टं कुणाला दिसत नाही. अलीकडे सगळ्या विषयांत पस्तीस मिळवणाऱ्यालाही मान मिळायला लागला आहे. त्यालाही पेढा भरवतात, त्याचाही फोटो येतो. ठीक आहे. पण नव्व्याण्णव आणि पस्तीस ह्यांच्यामध्ये त्रेसष्ट आकडे आहेत. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे हे मोजून सांगतो. त्या त्रेसष्ट आकड्यांवर जी पोरं बसलेली आहेत, त्यांनी पेपरात यायचं तर काहीतरी भयंकर केल्याशिवाय गत्यंतर नाही.

ह्या वयाला आपण मराठीत जे नाव दिलं आहे तेही बघा. पौगंडावस्था! हा शब्द नुसता ऐकला तरी अंगावर पुरळ उठल्यासारखं वाटतं. ‘मुलाला जरा पौगंडावस्था झाली आहे, आठ दिवस ह्या गोळ्या द्या, तेलकट बंद’, असं डॉक्टरांनी सांगितलं तर कुठल्याही आईचा विश्वास बसेल. गंमत म्हणजे जुन्या संस्कृत हिशेबाप्रमाणे पाच वर्षांपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि त्यापुढचं वय कैशोर. म्हणजे पौगंड म्हणजे चौथीतलं पोर! कैशोर हा इतका गोड शब्द हाताशी असताना आपण चौथीतल्या पोराचा सदरा सोळा वर्षांच्या मुलाला घातला, आणि तो उसवतो म्हणून मुलालाच बोल लावतो. तिकडे इंग्रजांनी तेरा ते एकोणीस ह्या आकड्यांच्या शेपटावरून नाव पाडून काम भागवलं. आपल्याकडे ती सोय नाही. आपला एकोणीस म्हणजे ‘एक-उणे-वीस’. मोजतानासुद्धा आपण मुलाला आधी कमीच धरतो.

शास्त्रानेही फार मदत केली अशातला भाग नाही. १९०४ साली अमेरिकेत जी. स्टॅन्ली हॉल नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी ह्या वयावर दोन जाडजूड खंड लिहिले आणि हे वय म्हणजे वादळ नि ताणतणाव, असं सांगितलं. पुढच्या संशोधकांनी त्यात पुष्कळ दुरुस्त्या केल्या, वादळ प्रत्येक घरात येत नाही असंही दाखवून दिलं. पण दोन खंड आणि वर दुरुस्त्या कोण वाचतो? ‘वादळ’ हा शब्द तेवढा सगळ्यांनी उचलला. वर्तमानपत्रांना तर तो फारच आवडला.

मी काही मानसशास्त्रज्ञ नाही. मी तालुक्याच्या गावच्या एका बँकेत काउंटरवर बसणारा माणूस आहे. पण ह्या वयाच्या मुलांविषयी बोलायचा मला थोडा अधिकार आहे, कारण मी त्यांच्या सह्या पाहतो.

पुष्कळांना माहीत नसतं म्हणून सांगतो : दहा वर्षांवरच्या मुलाला बचत खातं स्वतः उघडून स्वतः चालवू द्यायला हरकत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१४ साली सांगितलं आणि २०२५ साली नव्या सूचनांतही कायम ठेवलं. रकमेची मर्यादा बँकेने आपापली ठरवायची, पण सही त्या पोराची. रिझर्व्ह बँक ही काही हळवी संस्था म्हणून प्रसिद्ध नाही. फाटकी नोट किती फाटलेली चालेल, ह्याचेही तिचे नियम आहेत. अशी संस्था दहा वर्षांच्या पोरावर पैशांचा विश्वास टाकते. आणि आपण सोळा वर्षांच्या पोराला पाचशेची नोट देऊन दळण आणायला पाठवलं, तर तो परत येईपर्यंत गॅलरीत उभे राहतो.

तर सही. सहावी-सातवीतली मुलगी खातं उघडायला येते तेव्हा स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असं संपूर्ण नाव शाळेच्या अक्षरात लिहिते, वर रेघ ओढते आणि शेवटी पूर्णविराम देते. आठवी-नववीत वडील गळतात. दहावीत आडनावाला शेपूट फुटतं. अकरावीत सही इंग्रजीत जाते आणि एखाद्या अक्षरावरच्या टिंबाचं बदाम होतं. मुलगे त्याहून पुढे. त्यांच्या सहीत अक्षरं नसतातच, विजेचा धक्का बसल्यासारखी एक रेघ असते आणि तिच्याखाली दोन टिंबं. पैसे काढायला स्लिप येते, मी संगणकावरची सही काढून पाहतो, आणि म्हणतो, ‘सही जुळत नाही.’ मूल घाबरतं. त्याला वाटतं, आपण काहीतरी गुन्हा केला. गुन्हा नसतो. मधे चार वर्षं गेलेली असतात, एवढंच. बँकेला हे ठाऊक आहे, म्हणून अठरा पूर्ण झाले की नव्याने नमुना सही घ्यायची, असा नियमच आहे.

आमच्या सिनेमा-मालिका-पेपरवाल्यांची गोची इथेच झाली. त्यांनी नमुना सही एकदाच घेतली, ती १९७३ साली, आणि पुढची पन्नास वर्षं येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पोराची सही तिच्याशी ताडून पाहत बसले.

१९७३ म्हणजे ‘बॉबी’. ‘मेरा नाम जोकर’मध्ये हात पोळून घेतलेल्या राज कपूरने सोळा वर्षांची डिंपल आणि एकवीस वर्षांचा ऋषी ह्यांना घेऊन तो काढला आणि सगळं वसूल केलं. तोवर हिंदी सिनेमातला कॉलेजकुमार हा घरी दोन मुलं असलेला गृहस्थ असायचा. खरोखरच लहान दिसणारी जोडी पाहून लोक खुळावले, ह्यात नवल नाही. १९७७ च्या फेब्रुवारीत दिल्लीला विरोधी पक्षांची मोठी सभा होती, तिची गर्दी फोडायला दूरदर्शनने त्याच संध्याकाळी ‘बॉबी’ दाखवला, अशी एक हकीकत सांगतात. गर्दी तरीही झालीच म्हणे. पण लोकशाहीच्या आड उभं करायला सरकारला एक शाळकरी दिसणारी जोडी पुरेशी वाटावी, ह्यावरून त्या नमुन्याची ताकद लक्षात यावी.

नमुना काय होता? मुलगा श्रीमंत, मुलगी गरीब (किंवा उलट). दोन्हीकडचे बाप तापट. वाहन दुचाकी. एकदा पळून जायचं. मग बापांनी सुधारायचं, नाहीतर मुलांनी मरायचं. पुढे १९८१ ला ‘लव्ह स्टोरी’ आणि ‘एक दूजे के लिए’, १९८३ ला ‘बेताब’, १९८८ ला ‘कयामत से कयामत तक’. कुठे बाप सुधारले, कुठे मुलं गेली, सही तीच. ह्यातल्या एकाही पोराला भूमितीचं प्रमेय पाठ करताना कुणी पाहिलेलं नाही. एकाही पोरीची पाण्याची बाटली गळून दप्तर भिजत नाही. प्रेम सोडून ह्या वयाला दुसरं काही कामच नसतं, अशी एक समजूत झाली. आणि मग गंमत अशी, की खऱ्या पोरांनाही ती खरी वाटायला लागली. आपल्याला अजून कुणावर प्रेम कसं बसलं नाही, म्हणून काळजीत पडलेली मुलं मी आमच्या वेळी वर्गात पाहिली आहेत. मुलगी ‘नाही’ म्हणाली की पाठलाग वाढवायचा असतो, हेही ती कुठल्या पाठ्यपुस्तकात शिकली नव्हती. थेटरात शिकली होती, आणि त्याची फी मुली भरत होत्या.

बरं, नमुना जुना, निदान माणूस तरी त्या वयाचा घ्यावा! २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मध्ये इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला दाखल झाले तेव्हा आमिर खान चव्वेचाळीस वर्षांचे होते. म्हणजे आज मी जेवढा आहे तेवढे. सिनेमा उत्तम आहे, मी तीनदा पाहिला आहे. पण माझ्या वयाचा माणूस वसतिगृहाच्या जिन्यावरून धावतो तेव्हा माझं लक्ष संवादांकडे नसतं, त्याच्या गुडघ्याकडे असतं. आपला फास्टर फेणे घ्या. भा. रा. भागवतांनी निर्माण केलेला फुरसुंगीचा किडकिडीत शाळकरी पोर. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो केला, तेव्हा तो स्वतःही त्याच वयाचा होता. २०१७ साली ‘फाफे’चा मोठा सिनेमा आला, तर तो झाला तिशीला टेकलेला अमेय वाघ. अमेय वाघ गुणी नट आहे. पण भागवतांचा बन्या शाळेत असताना जे करत होता, ते सिनेमात करायला त्याला मोठं होऊन मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेपर्यंत यावं लागलं. शाळकरी पोरगा स्वतःच्या डोक्याने सायकल मारत चोराच्या मागे जातो, ही कल्पनाच आता कुणाला झेपत नसावी. त्याच्या आईने त्याला एकटं सोडलं कसं, ह्यावर चर्चासत्र होईल.

मालिकांबद्दल फार लिहीत नाही. आमच्या घरी त्या आठ ते दहा चालतात आणि मला जेवण तिथेच मिळतं. मालिकेतल्या घरात एक आजी, एक खाष्ट काकू आणि एक कॉलेजात जाणारी धाकटी मुलगी असते. धाकटी तीन महिने नुसती ‘हाय वहिनी’ म्हणत जिन्यावरून उतरते. मग गर्दी कमी पडली, की एक दिवस तिला फसवणारा मुलगा मिळतो. फसवून झालं, वहिनीने सोडवून झालं, की पोरगी पुन्हा जिन्यावर. तिचा कुठला विषय राहिला, ती कुठल्या शाखेला आहे, हे तिच्या सख्ख्या आईलाही विचारावंसं वाटत नाही.

जाहिरातींचं जग त्याहून सोपं. तिथे ह्या वयाला एकच दुःख असतं, ते नाकाच्या शेंड्यावर येतं आणि तीन दिवसांत मलमाने जातं. ते गेलं की मुलीला नोकरी, नाटकातली मुख्य भूमिका आणि वडिलांचं प्रेम एकदमच मिळतं. गोरं करणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमने २०२० साली नावातला गोरेपणा काढून चमक घातली. ट्यूब बदलली, मुलगी आरशात पाहते आहे ती आहेच. आणि क्लासवाल्यांच्या जाहिराती! पोस्टाच्या तिकिटाएवढे दीडशे चेहरे, प्रत्येकाखाली एक आकडा. एकच पोरगा तीन क्लासांच्या जाहिरातींत, तिन्हीकडे तोच शर्ट. हे इतकं झालं, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२४ च्या नोव्हेंबरात नियम करावे लागले : निवड झाल्यावर मुलाची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव आणि फोटो वापरू नका. आपल्या पोरांच्या तोंडावर आपला हक्क आहे, हे सांगायला ग्राहक खातं पुढे यावं लागलं. शिक्षण खातं नव्हे, हेही नोंदवून ठेवतो.

तुम्ही म्हणाल, एका बँकेतल्या कारकुनाला एवढं लागायचं कारण काय? कारण आहे. साच्यात बसवलं जाणं म्हणजे काय, हे आमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आमचे चिरंजीव पंधरा वर्षांचे आहेत. त्यांनी परवा मला मोबाईलवर एक रील दाखवलं. काउंटरवर एक माणूस, समोर रांग, माणूस डबा उघडतो आणि हिंदीत सांगतो, जेवणानंतर या. चिरंजीव पोट धरून हसले. ‘बाबा, सेम टू सेम!’ मी म्हटलं, ‘अरे, मी गेल्या सहा वर्षांत अडीचच्या आत जेवलेलो नाही.’ तो म्हणाला, ‘ते माहितीये हो, पण बँकवाले असेच असतात ना!’ ज्या मुलाच्या पिढीला सगळा देश ‘मोबाईलवेडी’ म्हणून एका झाडूने झाडतो, तो मुलगा मोबाईलवरच मला एका झाडूने झाडत होता. मी ते रील आमच्या शाखेच्या गटावर पाठवलं. मॅनेजरसाहेबांनी त्यावर अंगठा उमटवला.

सगळंच वाईट आहे असं मात्र नाही. नव्याने सही घेणारी माणसं आपल्याकडे झाली, आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे त्यातली बरीच मराठीत झाली. २००२ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर ह्यांनी ‘दहावी फ’ काढला. हुशार मुलांची तुकडी ‘अ’ आणि जी कुठेच बसत नाहीत त्यांची ‘फ’. ही ‘फ’वाली पोरं एकदा चिडून शाळेच्या प्रयोगशाळेची मोडतोड करतात. आता पेपरवाला इथेच थांबला असता. त्याला बातमी मिळाली. सिनेमा इथून सुरू होतो. अतुल कुलकर्णींचा मास्तर त्या पोरांना स्वतः कमावून नुकसान भरून द्यायला लावतो. कॉमर्सवाला म्हणून मला हे फार भावलं. नावे टाकलं होतं ते त्यांच्याच हाताने जमा करवून घेतलं. खातं बंद नाही केलं.

२००४ ची मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ आणि तिच्यावरचा सुजय डहाकेचा सिनेमा. आणीबाणीचं साल, नववीतली चार पोरं, बांधकाम अर्धवट राहिलेल्या इमारतीत बसून गप्पा मारणं. प्रेम आहे, पण त्याच्या आजूबाजूला गणित, इंग्रजी, मास्तर, मामा, राजकारण, भीती, सगळं आहे. कुणी पळून जात नाही, कुणी मरत नाही. मुलगी गाव सोडून जाते आणि मुलगा दहावीत जातो. तेवढ्यानेच छातीत दुखतं. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’तल्या जब्याला जीनची पँट हवी आहे, आणि त्यासाठी तो सायकलवर बर्फाच्या कांड्या विकतो. ‘बॉबी’च्या राजाला पँट कुठून आली, हा प्रश्नच कधी पडला नव्हता. जब्याला त्याच्या वयाने जेवढं अडवलं नाही तेवढं जातीने अडवलं, आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या खुर्चीकडे येतो. तिथे ‘कुठे चालली आहे तरुणाई’ असं विचारायची कुणाची छाती होत नाही.

‘सैराट’बद्दल माझं मत आमच्या शाखेत वादग्रस्त आहे. २०१६ साली लोक गाण्यांवर थेटरात नाचले. माझ्या मते तो सिनेमा गाणी संपल्यावर सुरू होतो. आर्ची आणि परश्या हैदराबादला जाऊन झोपडपट्टीत राहतात, ती कारखान्यात लागते, तो डोशाच्या गाडीवर. पळून गेल्यावर भाडं भरावं लागतं, हे आपल्या सिनेमाला उमगायला त्रेचाळीस वर्षं लागली! नकला करणाऱ्यांनी मात्र पहिला अर्धा भाग तेवढा उचलला. आणि पेपरांनी काय केलं? त्या पोरीला अभिनयासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळालेला. पुढच्या वर्षी ती दहावीला बसली, तर निकालाच्या दिवशी ‘आर्ची’ला सहासष्ट टक्के मिळाल्याची बातमी राज्यभर. मधल्या त्रेसष्ट आकड्यांतला एक आकडा पहिल्यांदा पेपरात आला, तोही असा.

आता मुद्द्यावर येतो. हे सिनेमे लोकांनी पाहिले, वाहवा केली, आणि घरी येऊन पुन्हा पेपर उघडला. आणि पेपरातली ओळ घरात जेवढं काम करते, तेवढं सिनेमा करत नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे खात्यांत पडायला लागले. ज्यांनी ते दिवस बँकेच्या आत काढले, त्यांना त्याबद्दल वेगळं भूषण मिळायला हवं. शटर उघडायच्या आधी दीड-दोनशे बायका. कुणाचं आधार जोडलेलं नाही, कुणाचं खातं दोन वर्षं झोपलेलं, कुणाचे पैसे ज्या बँकेत पडले त्या बँकेचं नाव तिला माहीत नाही. आमचे काउंटर तीन, त्यातला एक रजेवर. त्या गर्दीत आम्हाला तारलं ते पंधरा-सोळा वर्षांच्या पोरींनी. शाळा-कॉलेज बुडवून आईबरोबर आलेल्या. त्यातली अकरावीतली एक तर सकाळपासून खांबाला टेकून उभी होती. आईचा फॉर्म भरून झाला, मग आईच्या शेजारणीचा, मग तिच्या जावेचा. मोबाईलवर बघून ती सांगायची, ‘मावशी, तुमचं आधार ह्या बँकेला नाहीच, पोस्टाला जोडलेलंय. इथे थांबू नका, पोस्टात जा.’ आमचा शिपाई तिला चहा नेऊन देत होता. तो साहेबांनाही सहसा देत नाही.

दुपारी एका स्थानिक दैनिकाचा छायाचित्रकार आला, दोन फोटो काढून गेला. दुसऱ्या दिवशी छापून आला तो त्या खांबाजवळचा. तीन पोरी, तिन्ही माना खाली, तिन्ही हातांत मोबाईल. मागे बायकांची रांग. खाली ओळ : ‘आया रांगेत, लेकी मोबाईलमध्ये!’

दैनिकाचा वार्ताहर आमचाच खातेदार. तो आला तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘अहो, त्या पोरी फॉर्म भरत होत्या.’ तो म्हणाला, ‘असतील साहेब. पण फोटोला ओळ लागते. मुली फॉर्म भरताहेत असं लिहिलं तर कोण वाचणार?’ माणूस वाईट नाही, हप्ते वेळेवर भरतो.

पंधरा-वीस दिवसांनी ती पोरगी एकटीच बँकेत आली. ‘काका, माझ्या खात्याला मोबाईल नंबर बदलायचाय. आईचा द्यायचाय.’ मी विचारलं, तुझा काय झाला? म्हणाली, ‘आजोबांनी ट्रंकेत ठेवलाय. पेपरातला फोटो त्यांना पारावर कुणीतरी दाखवला. ते म्हणाले, आमच्या घरातलं माणूस असं पेपरात कधी आलं नव्हतं.’ शिष्यवृत्तीचा फॉर्म अर्धा भरून राहिलेला. त्याचा ओटीपी रोज ट्रंकेत येत होता आणि ट्रंकेतच मुदत संपून मरत होता. आजोबांना दोष द्यायला मन होत नाही. छापून आलेलं खरं असतं, असं मानणाऱ्यांतले ते. शिवाय आजोबा ज्या रांगेबद्दल चिडले होते, त्या रांगेतल्या चाळीसएक बायकांचे पैसे त्या ट्रंकेतल्या मोबाईलवरून सुटले होते, हे त्या ओळीत कुठे होतं?

मी अर्ज दिला. तिने भरला, सही केली. आत ऑफिसर मॅडमनी संगणकावर पाहिलं आणि ओरडून सांगितलं, ‘सही जुळत नाही!’ जुळणार कशी? खातं सातवीत उघडलेलं. आत संपूर्ण नाव, वर रेघ, शेवटी पूर्णविराम. हातातल्या अर्जावर नुसतं आडनाव, तेही घाईत. पोरगी लगेच म्हणाली, ‘थांबा, मी जुन्यासारखी करून देते.’

मॅडम उठून काउंटरवर आल्या. तिचं आधार पाहिलं, तोंड पाहिलं आणि मला म्हणाल्या, ‘अहो, जुन्यासारखी कशाला? नवीन घ्या ना.’

मी नमुना सहीचं कार्ड पुढे सरकवलं. तीन चौकटी असतात, तिन्हींत सारखी सही लागते. तिने पेन उचललं, पुन्हा ठेवलं. ‘काका, पुढच्या वर्षी परत बदलली तर?’

‘अठरा झाल्यावर बँक तशीही नवी घेते.’

‘आणि त्याच्या आधी बदलली तर?’

‘तर परत ये.’

तिने स्लिपबुकातली एक स्लिप उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चार-पाच सह्या करून पाहिल्या. एक शेपटीची, एक बिनशेपटीची, एक इंग्रजीतली. ती तिने लगेच खोडली. एव्हाना रांग दारापर्यंत गेली होती आणि मागून कुणीतरी म्हणालं, ‘ओ साहेब, जेवणाच्या आत होईल ना आमचं?’